शाल त्याला, ओटी तिला

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. गेल्या वर्षी, गणपती बसायच्या आधीच्या रविवारी, सकाळच्या कार्यक्रमात, डोंबिवली पूर्वेच्या एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात. नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि तिने बनवलेल्या वेबसाइटची शाल माझ्या भावाच्या खांद्यावर पडली. गुपचूप नाही. माईकवर, फोटोग्राफरसमोर, भरल्या सभागृहात.

मी पत्रकं लिहिते. कुणावर, कधी, कुठे हे पहिल्याच दमात सांगून टाकायचं, असं मला शिकवलेलं आहे, कारण पुढचं वाचायला माणूस थांबेलच असं नसतं. ते सांगून झालं. आता पत्रकात घालता येत नाही असं एक सांगते. मला माझ्या वहिनीचा हेवा वाटतो. त्या रविवारी वाटत होता, आज हे लिहितानाही वाटतोय. जिच्यावर अन्याय झाला ती आपल्याला आवडलीच पाहिजे, असा काही कायदा नाही.

आम्ही ठाण्याच्या पुढे, दिव्याला राहतो. आई, दादा, वहिनी आणि मी. दादा अंबरनाथला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ठाण्यात कुणाच्या तरी हाताखाली वेबसाइट बनवायची. पुढे ती नोकरी सोडून तिने स्वतःचं सुरू केलं. वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या डोक्यावरचा अर्धा गाळा तिने घेतला. खाली मशीन दिवसभर धाडधाड करतं, वर ती आणि कामाला दोन मुली. डेंटिस्टची वेबसाइट, क्लासवाल्याची, केटररची, पडदे शिवणाऱ्याची. असली कामं. मोठं काही नाही. पण दारावर पाटी आहे आणि पाटीवर तिचं नाव आहे, माहेरच्या आडनावासकट.

ती पाटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा जिन्यातच उभी राहिलेले. माझं नाव कशावरच नाही. मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकाखाली ‘आपले नम्र, सर्व रहिवासी’ असतं. चळवळीत तसंच असायला हवं, हे मी दुसऱ्यांना समजावून सांगते. स्वतःला समजावताना जरा जड जातं.

त्या गाळ्यात फोन वाजला की पहिलं वाक्य ठरलेलं. “सर आहेत का?”

सर नाहीत. कधीच नव्हते. कुरियरवाला विचारतो, बँकेतून विचारतात, ज्याला वेबसाइट हवी तो विचारतो. पहिल्या वर्षी वहिनी नीट सांगायची, “मीच मालक, बोला.” त्यावर समोरून, “नाही, म्हणजे सरांशी बोलायचं होतं.” शेवटी त्या दोन मुलींनी कोपऱ्यातल्या जुन्या यूपीएसचं नाव ‘सर’ ठेवलं. म्हणजे लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवायला असतो तो बॅटरीचा डबा. दिवसभर कोपऱ्यात बसून घुं घुं करतो आणि खरी गरज लागते तेव्हा हात वर करतो.

“सर आहेत का?”

“आहेत ना. पण आज बीप देतायत, नंतर करा.”

फोन ठेवून तिघी इतक्या हसायच्या की खालचा खोक्यांचा मुकादम वर येऊन बघायचा. मी एकदा डबा पोचवायला गेलेले तेव्हा हे ऐकलं. मीही हसले. पण ते हसणं त्या तिघींचं होतं, मी पाहुणी होते. आमच्या मीटिंगमध्ये असं कुणी हसत नाही. आमच्याकडे कोण आलं नाही, यावरच अर्धी मीटिंग जाते.

खरा हेवा मात्र त्याचा नाही. खरा हेवा पाण्याचा आहे.

दिव्यात पाण्याची काय तऱ्हा आहे ते दिव्यातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. आमच्या भागातल्या पाण्यावर मी पत्रकं लिहिली. प्रशासनाचा निषेध, टँकरवाल्यांची मुजोरी, बिल्डरांची बनवाबनवी. एकेका पत्रकात सात-सात मागण्या. मी स्वतः वाटली. लोक घ्यायचे, घडी करायचे, पिशवीत टाकायचे. काही जणी त्यावर भाजी निवडायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वहिनी एका सुट्टीच्या दिवशी नळापाशी जाऊन बसली. नुसती बसली. बायका काय बोलतात ते ऐकत राहिली. संध्याकाळी येऊन म्हणाली, “एकच प्रश्न आहे गं. आज आपल्या गल्लीत पाणी येणार का, आणि कधी. बाकी कुणी काही विचारतच नाहीये.”

मी म्हटलं, “प्रश्न तो नाहीये वहिनी. प्रश्न पाइपलाइनचा आहे.”

“तो तुझा प्रश्न. त्यांचा हा.”

मग तिने एक पान बनवलं. वर गल्लीचं नाव निवडायचं, खाली कळतं पाणी आलंय का. ज्या बाईच्या नळाला आलं तिने एक बटण दाबायचं, की तिच्या गल्लीतल्या बाकीच्यांना कळतं. बास. ना निषेध, ना मागणी. गणपतीपर्यंत आमच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते पान होतं. तळमजल्यावरची काकू मला जिन्यात अडवून म्हणाली, “तुझ्या वहिनीचं ते पाण्याचं झकास आहे हां. तू पण असं काहीतरी कर ना.”

तू पण असं काहीतरी कर ना. मी पाण्यासाठी दोनदा पोलीस चौकीत बसून आलेले.

वहिनीची कामाची हीच रीत आहे. कुणाचंही काम घेतलं की आधी त्यांच्याकडे जाऊन बसायचं. डेंटिस्टकडे बाकावर, केटररकडे भटारखान्याच्या दारात. येणारी माणसं काय विचारतात ते ऐकायचं आणि त्यातून पान रचायचं. मालकाला काय सांगायचंय ते सगळ्यात खाली. मालकाला हे सुरुवातीला आवडत नाही, कारण त्याला वरती स्वतःचा फोटो हवा असतो.

त्या वाचनालयातही ती अशीच बसली. चांगले पाच-सहा दिवस, पुस्तकं देतात त्या खिडकीशेजारी. तिथे येणारे निम्मे लोक पेन्शनर. तिने ऐकलं की ते लेखक विचारत नाहीत, विषय विचारत नाहीत. खिडकीत वाकून हळूच विचारतात, “मोठ्या अक्षरातलं काही आहे का हो?” जरा लाजतच. म्हणून तिने वेबसाइटवर सगळ्यात वर तेच ठेवलं. मोठ्या अक्षरांची पुस्तकं, एका बोटाने दाबता येईल एवढं बटण. आणि दुसरं, ‘घरपोच हवं’, कारण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे गुडघे गेलेले.

हे कळल्यावर मला काय वाटलं सांगू? मीसुद्धा त्या वाचनालयाची मेंबर होते, कॉलेजात असताना. त्याच रांगेत उभी राहायचे. ते वाकून विचारणारे आजोबा माझ्यापुढेच असायचे. मी कधी ऐकलं नाही. मी रांगेत उभी राहून वाचनालयाच्या वाढीव वर्गणीविरुद्ध घोषणा जुळवत असायचे.

वेबसाइट तयार झाली आणि कार्यकारिणीने ठरवलं, उद्घाटन करायचं.

आमच्याकडे वेबसाइटचंही उद्घाटन होतं. मुहूर्त बघून, प्रमुख पाहुणे बोलावून. तिने समजावलं, की बटण दाबलं की ती चालू होते, नव्हे चालू झालेलीच आहे. अध्यक्ष रिटायर्ड गृहस्थ, बोलणं अगदी पुस्तकी. म्हणाले, “बाई, वास्तू बांधून झालेली असते, तरी वास्तुशांत करतोच ना आपण? तोवर कृपया ती बंद ठेवा.” तिने बंद ठेवली.

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलेलो. दादाला तिने बॅग आणि वायरी धरायला घेतलेलं. आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. मी मागे, खांबाला टेकून.

स्टेजवर टेबल, टेबलावर वहिनीचा लॅपटॉप, लॅपटॉपला झेंडूचा हार. कीबोर्डवर हळद-कुंकू टाकायला निघालेल्या बाईंना वहिनीने वेळीच हात धरून थांबवलं, तर त्यांनी ते झाकणावर लावलं. त्यावर मखमली पडदा. वाचनालयाची नवी खोली बांधली तेव्हा कोनशिलेवर टाकलेला तोच, दोरीसकट. भाषणं सुरू झाली. एक संपलं की दुसरं. पडद्याखाली आणि हाराखाली लॅपटॉप बिचारा झोपून गेला.

पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला. काळा स्क्रीन. टाळ्या मात्र पडल्या, कारण लोकांना वाटलं वेबसाइट अशीच असते. वहिनी चटकन पुढे झाली आणि चार्जर सुटला की काय ते बघायला टेबलाखाली शिरली. हाराच्या ओझ्याने वायर निसटलेली. ती खाली आणि दादा टेबलाशेजारी, इस्त्रीचा शर्ट, हातात वायरीचं भेंडोळं.

त्याच क्षणी माईकवरच्या बाई म्हणाल्या, “आणि आता हे संकेतस्थळ ज्यांनी साकारलं, त्या अभियंत्यांचा सत्कार.”

दोघे जण शाल घेऊन सरळ दादाकडे गेले.

दादा म्हणाला, “अहो, मी नाही, ही, ही.” आणि टेबलाखाली बोट दाखवलं. त्याचा दोष नाही, तो खरंच म्हणाला, मी ऐकलं. सगळं सभागृह हसलं. माईकवरच्या बाईंनी संधी सोडली नाही. “प्रत्येक यशस्वी पुरुषामागे एक स्त्री असते म्हणतात, इथे तर टेबलाखाली आहे!” आणखी हशा. शाल खांद्यावर, नारळ हातात, फोटो निघाला. वहिनी टेबलाखालून बाहेर आली तेव्हा स्क्रीन उजळलेला होता. मोठ्या अक्षरांचं बटण दिसत होतं. ते कुणीच बघत नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण अध्यक्षांच्या पत्नींना वाटलं, बाई रिकाम्या हाताने कशी जाईल. त्या पुढे आल्या. “सौभाग्यवतींची ओटी भरूया हो.” वहिनीने ड्रेस घातलेला. तिने ओढणी पुढे केली. तिच्यात तांदूळ, खण, नारळ. एकाच कामाचे दोन नारळ. एक काम केल्याचा, एक बायको असल्याचा.

मी खांबाला टेकून बघत होते. आणि आधी, अगदी आधी, मला बरं वाटलं. घ्या, म्हटलं, आता तुझंही नाव ‘सर्व रहिवासी’. मग मात्र डोक्यात तिडीक गेली. कुणावर? तर तिच्यावर. ती ओढणी पुढे का करते? माईक हिसकावून का घेत नाही? माझ्या हातात माईक असता तर मी त्या सभागृहाला पाणी पाजलं असतं. पण माझ्यावर शाल घालायला किंवा न घालायला माझ्याकडे होतंच काय? तिच्याकडे हिरावून घेण्यासारखं काहीतरी होतं. त्याचाही हेवाच वाटला.

घरी आल्यावर आई भडकलेली. मला वाटलं, चला, निदान आई तरी. पण ती वेगळ्याच गोष्टीवर भडकलेली.

“ओटी कशाला घेतलीस? आपल्यात भरतात का ओटी? आपण बौद्ध माणसं, त्या बाईला सांगता येत नव्हतं?”

“आई, त्यांनी तांदूळ टाकायलाच सुरुवात केली. जमिनीवर सांडू देऊ का?”

“आणि शालीचं?” मी विचारलं. “शालीचं काहीच नाही?”

आई दादाकडे बघून म्हणाली, “शाल चांगली आहे. गरम आहे.”

शाल कपाटात गेली. तांदूळ डब्यात गेला. त्या आठवड्यात गावातल्या एका साप्ताहिकात फोटो आला. दादा, शाल, हार घातलेला लॅपटॉप. खाली ‘युवा अभियंत्याचा गौरव’. मी अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, दुरुस्ती छापायला सांगा. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, “अहो, पती-पत्नी का वेगळी असतात? सन्मान घरातच गेला ना?”

सन्मान घरातच गेला. काम मात्र घरात आलं नाही, ते कसं, ते आता सांगते. कारण प्रश्न शालीचा कधीच नव्हता. शालीने कुणाचं पोट भरत नाही. ज्याच्या खांद्यावर शाल, त्याला पुढचं काम विचारलं जातं, प्रश्न हा आहे.

दिवाळी झाल्यावर कल्याणहून फोन आला. धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांची एक संघटना, त्यांना वेबसाइट हवी होती. रोजचे भाव दिसावेत, मुरबाड-शहापूरच्या किराणावाल्यांनी घरबसल्या ऑर्डर द्यावी. वहिनीच्या धंद्यात आजवर आलेलं सगळ्यात मोठं काम. ते मिळालं असतं तर अर्ध्या गाळ्याचा पुरा गाळा झाला असता आणि ती आणखी एका मुलीला कामावर घेणार होती. मुलगी ठरलेलीही होती, आमच्याच बिल्डिंगमधली. आणि हा फोन कुणाला आला? दादाला. फोटो बघून त्यांनी नंबर शोधलेला. “साहेब, एकदा भेटायला या.”

वहिनी म्हणाली, “जाऊ की. तू ये नुसता, बोलते मी.”

जायच्या आधी ती दोन दिवस पहाटे त्या बाजारात जाऊन उभी राहिली. हमाल, टेम्पोवाले, किराणावाले काय विचारतात ते ऐकत. तिच्या पद्धतीने. मीटिंगला मीही गेले. मला कुणी बोलावलेलं नव्हतं. मला बघायचं होतं, ती बोलते कशी. खरं तर अडते का, तेही बघायचं होतं.

संघटनेचं ऑफिस गोदामाच्या वर. खालून मिरच्यांचा ठसका येत होता. टेबलामागे अध्यक्ष, बाजूला तीन-चार व्यापारी.

“या या साहेब, बसा. ए, मॅडमना खुर्ची दे रे. फोटो बघितला साहेब तुमचा. एकदम शाल-बिल!”

“ते चुकून झालेलं,” दादा म्हणाला.

“मोठी माणसं असंच बोलतात!” सगळे हसले.

मग कामाचं सुरू झालं. अध्यक्षांनी विचारलं, “साहेब, आमचे भाव रोज बदलतात. दुपारनंतर परत बदलतात. ते कोण टाकणार?”

वहिनी म्हणाली, “तुमच्यातलंच कुणीही. मोबाइलवरून. मी बाजारात बघितलं, तुमचा दिवाणजी सकाळी सगळ्यांना एकच मेसेज पाठवतो. तोच त्याने तिथे टाकायचा, वेगळं काही करायचं नाही.”

अध्यक्षांनी दादाकडे बघितलं. “होईल ना असं, साहेब?”

दादाने मान हलवली.

“आणि उधारीवाला माणूस ऑर्डर देईल, तर?”

“त्याची ऑर्डर आधी तुमच्याकडे येईल,” वहिनी म्हणाली. “तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही. किराणावाले सगळ्यात जास्त हेच विचारत होते, माल धरून ठेवाल का म्हणून. ते बटण वर ठेवू.”

“वा! बरोबर आहे ना, साहेब?”

असं चाललेलं. उत्तर तिने द्यायचं, शिक्का दादाने मारायचा. तिचं उत्तर जितकं चांगलं, तितके ते दादाकडे जास्त कौतुकाने बघायचे. मी कोपऱ्यात बसून मुठी आवळत होते. ती अडली नाही. एकदाही नाही. मला जसं बोलता येत नाही, तसं ती बोलत होती. समोरच्याच्या तोंडातलं घेऊन त्यालाच परत देत होती. मी माणसांशी बोलते तेव्हा त्यांना भाषण मिळतं.

शेवटी दादालाच सहन झालं नाही. “मला विचारू नका हो. मी अंबरनाथला कंपनीत स्टोअरला असतो. लोकांना नट-बोल्ट काढून देतो. धंदा हिचा आहे, डोकं हिचं आहे. मी आज रजा टाकून बॅग धरायला आलोय.”

त्यावर एक व्यापारी म्हणाला, “साहेब मजेशीर आहेत.”

“मजा नाही,” वहिनी म्हणाली. “खरं सांगतायत.”

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. तो म्हणाला, “ठीक आहे मॅडम, करा तुम्हीच. काम आवडलं आपल्याला. फक्त करारावर सही साहेबांची पाहिजे. कसंय, उद्या काही कमीजास्त झालं तर आम्ही काय बाईमाणसाशी भांडायचं का? शोभत नाही.”

“भांडा की. मी चांगली भांडते. यांना विचारा.”

हसले सगळे. पण मान कुणी हलवली नाही.

“घरचाच माणूस आहे ना मॅडम, काय फरक पडतो?”

त्या क्षणी मला वाटलं ती सही करू देईल. कुणीही दिली असती. गाळा डोळ्यांसमोर होता, ती बिल्डिंगमधली मुलगी डोळ्यांसमोर होती. दादाने तर खिशातलं पेन चाचपलं, विचारू का नको अशा तोंडाने. वहिनीने लॅपटॉप मिटला, बॅगेत ठेवला, चेन लावली. म्हणाली, “चहा छान होता. सही माझी चालत असेल तर फोन करा.”

फोन आला नाही. काम पुढे दुसऱ्या कुणाला गेलं. तिथे सर असतील.

मला वाटलेलं ती रडेल. स्टेशनकडे चालताना ती म्हणाली, “भूक लागली,” आणि आम्ही तिघांनी गाडीवर दाबेली खाल्ली. दादा खातच नव्हता. “मी त्या दिवशी स्टेजवरच शाल काढून फेकायला हवी होती,” एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होता. ती त्याला म्हणाली, “गरम आहे ना रे ती? उद्या दे मला.”

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर गेले, तर तिने शाल सोबत आणलेली. काय झालं ते मुलींना सांगितलं. जी नवी मुलगी येणार होती, तिला तिने स्वतः फोन केला, थोडं थांबावं लागेल म्हणून. फोन ठेवून तिने डोळे पुसले. तेवढंच. मग त्या दोघींतली एक उठली. तिने शाल उलगडली आणि अगदी माईकवरच्या बाईंच्या आवाजात, “आणि आता आपले आदरणीय सर,” म्हणत कोपऱ्यातल्या यूपीएसवर घातली. दुसरीने टाळ्या वाजवल्या.

“दोन शब्द बोला, सर!”

यूपीएस म्हणाला, बीप.

वहिनी डोळे पुसता पुसता हसायला लागली. इतकी, की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. “काढा गं ती,” म्हणाली, “तापेल तो, आग लागायची.” खालून मुकादम आलाच. या खेपेला मीही पोटभर हसले. आणि हसता हसता वाटलं, एवढं मोठं काम घालवून असं हसता येणं, हे मला कधी जमणार?

मग मी मला जमतं ते केलं. पत्रक लिहिलं. जळजळीत. ‘जाहीर निषेध’ पासून सुरुवात. वाचनालयाचा निषेध, साप्ताहिकाचा, व्यापाऱ्यांचा, पुरुषप्रधान व्यवस्थेचा. खाली सात मागण्या. रविवारी सकाळी चहाच्या वेळी तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, वाटणार आहे. डोंबिवलीत, कल्याणात, वागळेच्या नाक्यावर.

तिने सगळं वाचलं. पूर्ण. माझं पत्रक पूर्ण वाचणारी ती बहुधा पहिलीच.

“चांगलं लिहितेस गं पुढारी,” ती म्हणाली. मी वाट बघत होते, ‘पण’ येणार. आला. “पण हे वाचून माणसाने करायचं काय?”

“संताप यायला हवा.”

“आला समज. मग? तो दारात उभा आहे, एका हातात पिशवी, एका हातात तुझा कागद. आता करू काय?”

“सात मागण्या आहेत ना.”

“सात बटणं असली तर माणूस एकही दाबत नाही. एक ठेव. त्याला उद्या सकाळी करता येईल असं. आणि त्या लोकांची नावं काढ. त्यांना शिव्या देऊन मला काम मिळणार नाहीये. मला काम पाहिजे. त्या मुलीला मी शब्द दिलाय.”

मी चिडले. म्हटलं, “मग तूच सांग ना एक.”

तिने सांगितलं. चहाचा कप विसळता विसळता, एका वाक्यात. मी अख्खी रात्र घालवून जे लिहू शकले नाही, ते. माझ्या लिखाणातलं हे शेवटचं वाक्य तिचं आहे, आणि हे मी तिच्या नावावर लिहिते, सर्व रहिवाशांच्या नाही. हेवा वाटतोच. वाटू दे. तिच्या बाजूने उभं राहायला हेवा आड येत नाही, हे मला कळलंय.

तुम्ही उद्या दुकानासाठी, दवाखान्यासाठी, मंडळासाठी कुणाला तरी फोन लावाल. पलीकडून बाईचा आवाज येईल. सर विचारू नका, काम तिला सांगा.